बायबलच्या चित्रांसाठी ठोकळे कोरण्याआधी

छापण्याच्या लाकडी ठोकळ्यावर जे डावीकडे आहे ते कागदावर उजवीकडे उमटतं. सगळ्यात आधी हे, कारण मागच्या खेपेला हेच राहिलं आणि कोरून तयार झालेले ठोकळे बाद करावे लागले. ठसे कोरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. माहीत असूनही राहतं, म्हणून पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

हत्यारं काढण्याआधी उतारा वाचा. पूर्ण वाचा, निदान दोन भाषांतरांत, आणि आठवणीवर विसंबू नका. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, किती होते ते सांगितलेलंच नाही, त्याने फक्त तीन भेटवस्तू सांगितल्या आहेत. एदेन बागेतल्या फळाचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे सफरचंद काढणार असाल तर तो परंपरेचा भाग आहे हे जाणून काढा. योनाला गिळतो तो ‘मोठा मासा’. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच, म्हणजे लांबी रुंदीच्या सहापट. गुबगुबीत होडी काढली की माप चुकलं. मोशेच्या पाट्या दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या होत्या (निर्गम ३२:१५).

प्रत्येक चित्रासाठी वहीत चार रकाने करा: कोण आहे, हातात काय आहे, वेळ कोणती, आणि डावं-उजवं. चौथा रकाना भरल्याशिवाय त्या चित्राला हात लावू नका. येशूचा शिष्य पेत्र महायाजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा कापतो तो उजवा कान (योहान १८:१०). सभास्थानातल्या माणसाचा वाळलेला हात उजवा (लूक ६:६). जखऱ्याला देवदूत दिसतो तो धूपवेदीच्या उजव्या बाजूला, कबरेतला पांढऱ्या झग्यातला तरुण बसलाय तो उजवीकडे, जाळं टाकायचं ते होडीच्या उजव्या बाजूला, प्रकटीकरणात (बायबलच्या शेवटच्या पुस्तकात) ख्रिस्ताचे सात तारे आहेत ते उजव्या हातात. क्रुसावरच्या येशूला भाल्याची जखम कोणत्या कुशीत हे शुभवर्तमान सांगत नाही. परंपरा उजवी मानते. काय करायचं ते ठरवा आणि सगळ्या चित्रांत तेच ठेवा.

यातली खरी धोक्याची चित्रं म्हणजे उलटली तरी दिसायला बरोबर वाटतात ती. याकोब नातवांना आशीर्वाद देताना हात आडवेतिडवे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर ठेवतो, थोरल्या मनश्शेच्या नाही (उत्पत्ती ४८). चित्र उलटं छापलं तरी हात आडवेतिडवेच दिसतात, फक्त धाकट्याच्या डोक्यावर डावा हात येतो आणि सगळा प्रसंगच पुसला जातो. एहूदाचंही तसंच. शत्रूच्या राजाला मारायला गेलेला तो इस्राएली डावखुरा, तलवार उजव्या मांडीशी लपवलेली (शास्ते ३), म्हणून तर राजा बेसावध राहतो. चित्र उलटलं की तो चारचौघांसारखा उजव्या हाताचा होतो आणि छाप पाहणाऱ्या कोणालाही काही खटकत नाही. उलटं अक्षर लगेच टोचतं. उलटा हात टोचत नाही.

लाकूड खोडाच्या आडव्या कापाचं घ्या. फळीच्या लाकडावर तंतूंमुळे बारीक रेघ टिकत नाही. बॉक्सवूड सगळ्यात चांगलं, पण त्याची खोडं बारीक असल्यामुळे मोठा ठोकळा तुकडे चिकटवूनच बनतो. ठोकळा उजेडात तिरपा धरून सांधे तपासा. केसाएवढी फट छापात पांढरी रेघ म्हणून येते, आणि ती नेमकी चेहऱ्यावरून जाते. मेपल, पेअर किंवा राळेचे कृत्रिम ठोकळेही चालतात. खिळ्यांबरोबर (म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांबरोबर) छापायचं असेल तर इंग्लिश-अमेरिकन मापाची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिमी. ठोकळे आडवे रचून ठेवू नका, कडेवर उभे ठेवा, दोन्ही अंगांना हवा सारखी लागली पाहिजे. ऊन आणि तापलेला दिवा यांपासून दूर. वाकलेला ठोकळा दाबाखाली फुटतो.

हत्यारं: रेघ कोरायला ब्युरिन, वळणांसाठी स्पिटस्टिकर, समांतर रेघांसाठी टिंट टूल, मोकळी जागा काढायला स्कॉर्पर. धार हवी, तोंड साधारण ४५ अंशांत. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. घसरलं तर पुन्हा दगडावर न्या. बोथट हत्यार रेघेच्या कडा चुरडतं आणि त्या छापात करड्या दिसतात. खाली वाळू भरलेली चामड्याची उशी हवीच, कारण वळण कोरताना फिरवायचा असतो तो ठोकळा. हत्याराचा हात जवळपास स्थिर राहतो.

पृष्ठभाग पातळ केलेल्या काळ्या शाईने हलका काळा करा, म्हणजे कोरलेली रेघ उजळ दिसते. शाई पातळ थरात लावा, भिजवू नका, लाकूड फुगतं.

आता परत तेच. चित्र कागदावर सुलटं काढा, जसं छापून हवं तसं. ट्रेसिंग पेपरवर उतरवा. ट्रेसिंगच्या कोपऱ्यात ‘उ’ लिहा. मग ट्रेसिंग पालथं घाला आणि ठोकळ्यावर उतरवा, ‘उ’सकट. एकदाच पालथं घाला. मनातल्या मनात उलटं काढून वर ट्रेसिंगही पालथं घालणारे असतात, त्यांचं चित्र दोनदा फिरून मूळ जागी येतं. ठोकळ्यावरचा ‘उ’ नीट वाचता आला तर हत्यार खाली ठेवा. नंतर आरसा लावून वहीचा चौथा रकाना ताडून पाहा. आरशात दिसतं तेच छापणार आहे.

समोर तोंड करून बसलेल्या ख्रिस्ताच्या बाबतीत गोंधळ दुप्पट होतो. मेंढरं त्याच्या उजवीकडे (मत्तय २५:३३), म्हणजे छापात वाचकाच्या डावीकडे, म्हणजे ठोकळ्यावर तुमच्या उजवीकडे. हे वहीत शब्दांत लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.

अक्षरं वेगळी तपासा. क्रुसावरची पाटी इब्री (हिब्रू), लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती (योहान १९:२०). इब्री मुळात उजवीकडून डावीकडे जातं, म्हणून ठोकळ्यावर ते डावीकडून उजवीकडे आणि प्रत्येक अक्षर पालथं येतं. इब्री न वाचता येणाऱ्याचा हात इथे हमखास चुकतो. ‘दालेथ’ आणि ‘रेश’, ‘हे’ आणि ‘हेथ’ ही अक्षरं एका बारीक कोपऱ्याने किंवा फटीने वेगळी होतात. इब्री येणाऱ्या माणसाला आधी ट्रेसिंग दाखवा. इंग्लिश कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या ईयोबाच्या २१ चित्रांभोवती वचनं आहेत. त्याने ती तांब्यावर उलटीच कोरली. एवढी साधना नसेल तर अक्षरं कमी ठेवा. सही आणि साल हीसुद्धा अक्षरंच आहेत.

बाह्यरेषा कोरून झाल्या की थांबा आणि शाईचा पहिला छाप घ्या. कागद ठेवून वरून पेन्सिल घासून काढलेली नक्कल चालणार नाही. ती ठोकळ्यासारखीच दिसते, उलटत नाही, आणि खोटा दिलासा देते. या टप्प्यावर चूक सापडली तर वरचा थर घासून काढून, खाली पुठ्ठा देऊन उंची भरून काढता येते. खोल कोरल्यावर ठोकळा गेलाच.

चित्रं किती? जर्मन चित्रकार ड्यूररने १४९८ मध्ये प्रकटीकरणाला १५ दिली. एका ग्रंथाला तेवढी भरपूर. चित्राचा काळेपणा शेजारच्या मजकुराच्या काळेपणाशी जुळवा, नाहीतर अक्षरं फिकी पडतात. माणसाची नजर पानाच्या आतल्या बाजूला हवी असेल तर तेही आत्ताच ठरवा. छापात ती फिरणार आहे.

मजकूर: आधुनिक भाषांतराला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, आधीच घ्या. स्तोत्रांचे क्रमांक सगळ्या परंपरांत सारखे नाहीत, इब्री २३वं ते ग्रीक-लॅटिन २२वं. चित्राखालचा संदर्भ छापणार त्याच भाषांतरावरून.

छपाई: घट्ट शाई, पातळ थर, गुळगुळीत कागद. शाई जास्त झाली की बारीक रेघा बुजतात. फिकं येईल तिथे मागून पातळ कागद द्या. ठोकळा पाण्याने धुऊ नका, पांढऱ्या स्पिरिटने पुसा.

पुस्तक संगणकावर जुळणार असेल तर स्कॅन छापाचं द्या, ठोकळ्याचं नको. आणि पानं जुळून आली की एफ्राईमाच्या डोक्यावर कोणता हात आहे तो पुन्हा बघा.