कोवळ्या घोड्याचे सांधे आणि मंदावलेली चाल

तीन वर्षांच्या आसपासचा घोडा रपेटीत मागे पडू लागला, वळणावर अडखळू लागला किंवा एरवी सहज धरणारी दुडकी टाळू लागला, की तबेल्यात सर्वांत आधी ‘आळस’ हाच शब्द ऐकू येतो. त्या शब्दापायी माझे तीन आठवडे वाया गेले. माझी घोडी डाव्या पायावर कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल, धरायला तयार नसे आणि मी तिला टाच मारून पुढे काढत असे. शेवटी एका पहाटे खरारा करणाऱ्या मोतद्दाराने माझा हात धरून तिच्या उजव्या हॉकवर, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर, ठेवला आणि म्हणाला, “साहेब, हे दाबून बघा.” लिंबाएवढी मऊ सूज होती, एका बाजूने दाबली की पाणी सरकून दुसऱ्या बाजूला फुगवटा येई. घोडी लंगडत नव्हती आणि तिने पाय आखडूनही धरला नव्हता. सांध्यात पाणी मात्र साचले होते.

कोवळ्या घोड्याचे सांधे का दुखतात, हे समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. घोड्याची हाडे एकाच वेळी पक्की होत नाहीत. खुराजवळच्या फेटलॉक सांध्यावरील वाढीची पट्टी, म्हणजे जिथून हाड लांब होते तो भाग, पहिल्या वर्षातच मिटते, गुडघ्याच्या वरची मिटायला साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात आणि पाठीचे मणके पाच वर्षांपर्यंत वाढत राहतात. त्यात शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेले शिंगरू कागदावर दोन वर्षांचे होते तेव्हा प्रत्यक्षात जेमतेम वीस महिन्यांचे असते. कामाचा भार सोसण्याइतके हाड तयार नसेल, तर सांध्याच्या अस्तराला सूज येते किंवा नडगीच्या पुढच्या भागात दुखू लागते. काही शिंगरांत वाढीच्या काळातच सांध्यातील कूर्चा नीट हाडात बदलत नाही आणि तिचा तुकडा सैल होतो. या विकाराला ओसीडी म्हणतात. तो हॉक आणि स्टायफल या मागच्या पायाच्या सांध्यांत वारंवार आढळतो आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो.

हे ‘दोन्ही बाजूंना’ फार महत्त्वाचे आहे. एकाच पुढच्या पायात दुखत असेल तर तो पाय टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागच्या पायात दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर मात्र लंगडणे दिसतच नाही. टाप आखूड पडते, घोडा वळायला कंटाळतो आणि स्वार समजतो की त्याला पळायचे नाही. म्हणून त्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने ये-जा करायला लावावे आणि नंतर लांब दोरीवर दोन्ही दिशांनी गोल फिरवावे, कारण वर्तुळात आतल्या पायावर भार वाढून लपलेले दुखणे उघडे पडते. मुंबईत हे उजाडताच उरकावे. तेव्हा आवारात वर्दळ नसते आणि उकाडाही वाढलेला नसतो. मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवल्यास पशुवैद्याला त्याचा मोठा उपयोग होतो.

रोजची नोंद हे माझ्या मते सर्वांत स्वस्त औषध आहे. व्यायामापूर्वी, एकाच वेळी, चारही पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवावा, जास्त गरम लागलेला सांधा टिपून ठेवावा आणि सूज असेल तर शिंप्याच्या टेपने घेर मोजावा. घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. घोडा एकाएकी पाय टेकेनासा झाला, सांधा तापला, ताप आला किंवा सांध्याजवळ लहानशी जखम दिसली, तर सकाळपर्यंत थांबू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो.

पशुवैद्य सांधा वाकवून धरून लगेच दुडकी पाहतात, खुरापासून वरच्या दिशेने एकेक भाग बधिर करत दुखणे नेमके कुठे आहे हे शोधतात आणि मग एक्स-रे काढतात. एका हॉकचा एक्स-रे काढला तर दुसऱ्याचाही काढून घ्यावा. माझ्या घोडीच्या बाबतीत दुसऱ्या बाजूलाही लहानसा तुकडा निघाला. ते दुर्बिणीने काढावे लागले आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार महिन्यांनी ती पुन्हा खऱ्या कामाला लागली. एरवीच्या साध्या सुजेसाठी थंड पाण्याची धार वीस मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि कामातून विश्रांती एवढेच पहिल्या दिवसांत पुरते. फिनाइलब्युटाझोनसारखे वेदनाशामक पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. जास्त झाल्यास पोटात आणि आतड्यात व्रण होतात आणि दुखणे दबल्यामुळे घोडा त्याच सांध्यावर आणखी जोर देतो. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन चार दिवसांत पळवण्याची घाई मला मुळीच पटत नाही. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांबद्दलचा पुरावाही कमकुवतच आहे; ते पैसे नालबंदावर खर्च करावेत. खुराचे टोक लांब वाढले की टाच दबते आणि वरच्या प्रत्येक सांध्यावर ताण येतो, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी खूर साळून नाल नवे बसवणे टाळू नये.

खुराकाची चूक मुंबईत सहज होते. घोडा दिवसभर ठाणबंद असतो, चरायला मोकळी जागा नसते, मग चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढते आणि सोबत गव्हाचा कोंडा दिला जातो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. तो रोज भरपूर दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते. एकूण खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावे. थोडी लसूणघास यासाठी चांगली. हत्तीगवतासारख्या, कॅल्शियम अंगी लागू न देणारे ऑक्सलेट असलेल्या वैरणीवरच घोडा ठेवू नये. वाढत्या शिंगराला धान्य देऊन लठ्ठ करणे हे कौतुकाचे लक्षण मानले जाते, पण फासळ्या डोळ्यांना न दिसता बोटांना लागतील एवढेच अंग असावे.

पळण्याचा वेग कमी झाला म्हणजे सांधाच दुखतो असेही नाही. मुंबईच्या दमट हवेत काही घोड्यांचा घामच आटतो. अंग कोरडे, श्वास जलद आणि तापमान चढलेले असेल तर सांधे सोडून आधी त्याला सावलीत नेऊन भरपूर पाणी ओतावे. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडतात, तेव्हाही लगाम बोचून घोडा मंदावू शकतो.

पुन्हा कामावर आणताना पूर्ण बंदिस्त विश्रांतीही घातक असते, कारण हाड आणि कूर्चा हालचालीनेच बळकट होतात. पशुवैद्याने परवानगी दिल्यावर हाताने धरून दिवसातून दोनदा दहा मिनिटे चालवावे आणि आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. मग सरळ रेषेतली दुडकी, नंतर मोठी वळणे आणि सर्वांत शेवटी वेग. एका आठवड्यात अंतर किंवा वेग यांपैकी एकच गोष्ट वाढवावी. वाळू फार खोल असेल तर स्नायुबंध ताणले जातात आणि डांबरावर सांधे आपटतात, म्हणून मधली, आदल्या दिवशी पाणी मारलेली जमीन निवडावी.

महालक्ष्मी रेसकोर्सवरचा शर्यतींचा हंगाम संपल्यावर पावसाळ्यात पुष्कळ घोडे पुण्याला हलवले जातात. सांधा नुकताच बरा झालेल्या घोड्याला बोरघाटातल्या वळणांवर आणि ब्रेकच्या धक्क्यांत तासन्‌तास तोल सांभाळत उभे राहावे लागते, म्हणून चालकाला सावकाश चालवायला सांगावे आणि पोहोचल्यावर दोन दिवस केवळ चालवावे. तिसऱ्या सकाळी पुन्हा टेप लावून घेर मोजावा. निघण्यापूर्वीच्या आकड्यापेक्षा तो जास्त आला, तर दुडकीचा दिवस पुढे ढकलावा.