पोकेमॉन कार्ड विकायला काढताय? आधी खरं-नकली पारखून घ्या

घरातल्या डब्यातून पोकेमॉन कार्डांचा गठ्ठा निघाला की पहिली छाननी दोन मिनिटांत होते. सोनेरी, चंदेरी किंवा काळी प्लास्टिकची, सगळी एकाच झळाळीची, ५५ कार्डांच्या डबीत आलेली कार्डं सरळ बाजूला काढा. स्टेशनरीच्या दुकानात टांगलेल्या या डब्या नकलीच असतात. पोकेमॉन कंपनीने धातूची कार्डं काढली आहेत, पण फार थोडी. २०२१ च्या ‘सेलिब्रेशन्स’च्या महागड्या संचात पिकाचू आणि चारिझार्डची अशी दोन होती आणि ती हाताला चांगली जड लागतात. प्लास्टिकचं सोनेरी कार्ड ‘रेअर गोल्ड एडिशन’ म्हणून जाहिरातीत टाकलंत, तर जाणकार गिऱ्हाईक तुमच्या बाकीच्या कार्डांकडे बघणारही नाही.

खरी मेहनत कागदी कार्डांवर करायची असते. तिथे सगळ्यांत मोलाचं हत्यार म्हणजे तुलनेचं कार्ड. ज्या कार्डाची शंका आहे त्याच भाषेतलं, त्याच काळातलं आणि खात्रीने खरं असलेलं एखादं साधं, दहा-वीस रुपयांचं कार्ड मिळवा. त्याशिवाय वजन, उजेड, रंग यांतली कुठलीही तपासणी म्हणजे अंदाजपंचे काम. जोडीला सोनार वापरतात तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग (३० पट असेल तर उत्तम), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि मोबाइलचा टॉर्च लागेल. हात धुऊन कोरडे करा आणि कार्ड कडांनीच धरा.

भिंग लावण्याआधी कार्ड नुसतं वाचा. निम्मी नकली कार्डं इथेच गळतात. पोकेमॉनच्या नावात किंवा हल्ल्याच्या वर्णनात स्पेलिंगची चूक, इंग्रजी ‘पोकेमॉन’मधल्या ‘ई’वरची तिरकी रेघ गायब, अक्षरं जास्त जाड किंवा पातळ, ऊर्जेची चिन्हं वर्तुळात नीट न बसलेली, हिट पॉइंट (एचपी, म्हणजे पोकेमॉन किती मार सोसू शकतो तो आकडा) भलतेच मोठे. मग कार्ड उलटा. नकली कार्डाच्या पाठीचा निळा रंग बऱ्याचदा फिका पडलेला किंवा जांभळट असतो. जपानी कार्डाची पाठ इंग्रजीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे समोर जपानी मजकूर आणि मागे इंग्रजी कार्डाची पाठ असेल तर विषय तिथेच संपला. कडेची चौकटही बोलते. इंग्रजी कार्डांची पिवळी चौकट २०२३ च्या ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’पासून करडी झाली, म्हणून त्या मालिकेचं पिवळ्या चौकटीचं इंग्रजी कार्ड दिसलं की सावध व्हा.

मात्र विचित्र दिसतं ते सगळं खोटं नसतं. ‘१५१’ संचातल्या चारिझार्ड ईएक्सवर १९९/१६५ असा क्रमांक आहे. एकूण संख्येपेक्षा मोठा क्रमांक ही सीक्रेट रेअर, म्हणजे संचाच्या नेहमीच्या यादीबाहेरच्या दुर्मीळ कार्डांची खूणच आहे. पहिल्या संचातल्या व्हल्पिक्सवर बाकीच्यांसारखं ‘५० एचपी’ नसून ‘एचपी ५०’ छापलं गेलं. ‘जंगल’ संचातली काही होलो (झळाळत्या फॉइलची) कार्डं संचाचं चिन्ह न छापताच बाहेर पडली. या कारखान्यातल्या चुका आहेत आणि त्यांना वेगळी मागणी असते. चूक दिसताच कार्ड फेकू नका, आधी त्या कार्डाची नोंद शोधा.

जुन्या कार्डांपाशी जरा थांबायला हवं, कारण पैसा आणि फसवणूक दोन्ही तिथेच जास्त. इंग्रजी ‘बेस सेट’ १९९९ च्या जानेवारीत विझर्ड्स ऑफ द कोस्टने काढला. त्यात १०२ कार्डं होती आणि चारिझार्डचा क्रमांक ४/१०२. या संचाचे मुख्य छपाई प्रकार तीन: फर्स्ट एडिशन, शॅडोलेस आणि अनलिमिटेड. अनलिमिटेड कार्डात चित्राच्या चौकटीच्या उजव्या बाजूला सावली असते, आधीच्या दोन्हींत नसते. तळाची प्रताधिकाराची ओळही वेगळी आहे. आधीच्या दोन्हींत निन्टेंडोच्या नावाआधी ‘१९९५, ९६, ९८, ९९’ अशी वर्षं येतात, अनलिमिटेडमध्ये ‘९९’ गळतं आणि फक्त ‘१९९५, ९६, ९८’ उरतं. शेवटचं ‘१९९९ विझर्ड्स’ तिन्हींत असतं. त्या जागी ‘१९९९-२०००’ दिसलं तर घाबरू नका, ती ब्रिटनसाठीची नंतरची खरी छपाई आहे.

आता या खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघायचं. फर्स्ट एडिशनचा काळा शिक्का चित्राखाली डावीकडे असतो. तो आहे पण चौकटीला सावलीही आहे, असं चारिझार्ड खरं असूच शकत नाही. मग एकतर अख्खं कार्ड नकली, नाहीतर खऱ्या अनलिमिटेड कार्डावर कुणीतरी नंतर शिक्का मारलेला. याला अपवाद एकच: मचॅम्प, ८/१०२. दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या संचात ते सावलीसह आणि शिक्क्यासह मिळायचं. म्हणूनच ते सर्रास सापडतं आणि त्याला फर्स्ट एडिशनची किंमत मागणं हास्यास्पद ठरतं. शॅडोलेस कार्डावर नंतर मारलेला शिक्का पकडणं सगळ्यांत अवघड. तिथे भिंगाखाली शिक्क्याच्या कडा बघा. पसरलेली शाई, खडबडीत किनार किंवा शिक्क्याभोवती बदललेली चकाकी दिसली, तर ते कार्ड ‘फर्स्ट एडिशन’ म्हणून विकू नका.

चारिझार्डच्याच पुनर्मुद्रणांनीही गोंधळ होतो. ४/१३० हे २००० च्या ‘बेस सेट २’चं, ११/१०८ हे २०१६ च्या ‘इव्होल्यूशन्स’चं, आणि ‘सेलिब्रेशन्स’मधल्या ४/१०२ वर पोकेमॉनच्या पंचविशीचं बोधचिन्ह असतं. तिन्ही खरी, पण ‘१९९९ चं चारिझार्ड’ म्हणून विकलीत तर ती फसवणूकच.

आता भिंग घ्या. खरं कार्ड ऑफसेटवर छापलेलं असतं. चित्राचा रंगीत भाग मोठा करून पाहिला की रंगांचे बारीक ठिपके एका ठरावीक नक्षीत, छोट्या फुलांसारखे मांडलेले दिसतात. काळा मजकूर मात्र एकसलग काळ्या शाईत, धारदार कडांचा असतो. नकली कार्ड बहुधा खऱ्याचं स्कॅन करून छापतात, त्यामुळे मजकुराचं काळं अक्षरही रंगीत ठिपक्यांनी बनलेलं आणि कडेला धुरकट दिसतं. तुलनेचं कार्ड शेजारी ठेवून एकच अक्षर दोन्हींवर बघा. एवढ्या एका तपासणीत बरीच चांगली नकलीही पकडली जाते.

उजेडाची तपासणी सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते. खऱ्या कार्डाच्या दोन कागदी थरांमध्ये गडद थर असतो, म्हणून मागून टॉर्च लावला तर उजेड कमी येतो. स्वस्त नकलीतून तो भसकन येतो. पण गडद थर घातलेली नकली कार्डंही बनतात, आणि खऱ्यांतही काळानुसार कागद बदललेला आहे. त्यामुळे ‘उजेड आला नाही, म्हणजे खरं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. हा थर बघायला कार्ड फाडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एकाच पाकिटातून आलेली चाळीस साधी कार्डं असतील तर त्यातलं एक फाडून बघा हवं तर, विकायचं कार्ड कधीच नाही. वाकवून बघणंही टाळा, जुन्या कार्डावर पडलेली घडी परत जात नाही.

वजन साधारण १.७ ते १.८ ग्रॅम भरतं, होलो किंचित जास्त. स्लीव्ह (कार्डाचं पातळ प्लास्टिकचं पाकीट) काढूनच मोजा. आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर. इथेही आकड्यापेक्षा तुलनेच्या कार्डाशी पडणारा फरक महत्त्वाचा.

होलो कार्डात झळाळी कुठे आहे ते पाहा. साध्या होलोत ती चित्राच्या चौकटीतच असते. रिव्हर्स होलोत चित्र सोडून बाकी कार्ड चमकतं. डोक्यापासून पायापर्यंत एकसारखं इंद्रधनुष्य उठत असेल तर कार्ड नकली असण्याचीच शक्यता जास्त. अलीकडच्या महागड्या फुल आर्ट (पूर्ण कार्डभर चित्र असलेल्या) आणि सीक्रेट रेअर कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक उठावाच्या रेघा असतात. कार्ड तिरकं धरून दिव्याखाली फिरवलं की त्या दिसतात, नकली तिथे बहुधा गुळगुळीत निघतं. एक मात्र ध्यानात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात होलो कार्ड धनुष्यासारखं वाकतं, कारण कागद ओल धरतो आणि फॉइल धरत नाही. वाकलेलं होलो म्हणजे नकली, असं नाही.

ग्रेडिंग झालेलं, म्हणजे तज्ज्ञ कंपनीने खरेपणा आणि अवस्था तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं कार्ड विकत असाल तर डबीही तपासा. पीएसए या ग्रेडिंग कंपनीची डबी असेल तर तिच्या संकेतस्थळावर लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक टाकून नोंद उघडा. नोंद जुळली म्हणजे काम झालं असं समजू नका. नकली डब्या बनवणारे खऱ्या डबीच्या फोटोवरूनच क्रमांक उचलतात. नोंदीत फोटो असेल तर चारही बाजूंच्या चौकटीची रुंदी आणि बारीक ओरखडे तुमच्या कार्डाशी जुळवा. तोच क्रमांक दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीत दिसतो का, तेही शोधा.

जाहिरातीत इंटरनेटवरचे फोटो वापरू नका. समोर, पाठ, चारही कोपरे, तळाची प्रताधिकाराची ओळ जवळून, आणि होलो असेल तर उजेडात हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ एवढं द्या. फ्लॅश बंद ठेवा, तो झळाळी खाऊन टाकतो. वर्णनात छपाईचा प्रकार, क्रमांक, भाषा आणि दोष लिहा. कार्डाविषयी शंका उरली असेल तर ‘खात्री नाही, जसं आहे तसं’ अशी पळवाट काढू नका. आधी ग्रेडिंगला पाठवा, नाहीतर विकूच नका. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली खोटं व्यापारचिन्ह असलेला माल विकण्याला किंवा विक्रीला ठेवण्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पुरेशी काळजी घेतली होती आणि शंकेला जागा नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. म्हणून कार्ड कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतलं याची पावती किंवा चॅट आणि तपासणीचे फोटो जपून ठेवा.

‘तुम्ही नकली पाठवलंत’ म्हणत गिऱ्हाईक दुसरंच कार्ड परत पाठवतं, हा प्रकारही होतो. त्यावर उपाय पाठवण्याआधीच करायचा. तुमच्या कार्डावरची एखादी न बदलणारी खूण, म्हणजे होलोतल्या ठिपक्यांची जागा, चौकटीचा तिरकेपणा किंवा कोपऱ्यातला पांढरा टिकला, भिंगातून फोटो काढून ठेवा. मग कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं कव्हर), टॉपलोडर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, अशा क्रमाने पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा. तुकडा न पाडता सुरुवात त्या खुणेपासून करा आणि शेवट चिकटवलेल्या पाकिटावरच्या ट्रॅकिंग क्रमांकावर करा.