धावत्या गाडीत जीपीएस रिसीव्हरची अचूकता तपासताना या चुका टाळा

हातात मावणारा जीपीएस रिसीव्हर डॅशबोर्डवर ठेवून ओळखीच्या रस्त्यावरून फेरी मारायची आणि नोंदलेली रेषा नंतर नकाशावर ठेवून पाहायची, ही अचूकता तपासण्याची सर्वांत सोपी रीत समजली जाते. रीत सोपी असली, तरी तिच्यात उपकरणाची चूक आणि तपासणाऱ्याची चूक इतक्या बेमालूम मिसळतात की, चांगला रिसीव्हर विनाकारण नापास ठरतो आणि सुमार रिसीव्हर पैकीच्या पैकी गुण मिळवून जातो.

उशिराला अंतर समजणे

सर्वांत मोठी गल्लत वेगामुळे होते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे सरकते, आणि अनेक हँडहेल्ड रिसीव्हर सेकंदाला एकदाच स्थान नोंदवतात. किलोमीटरचा दगड खिडकीसमोर येताच कोणी बटण दाबत असेल, तर त्या बोटालाही क्षणभर उशीर होतोच. हा सगळा उशीर मिळून अर्धा सेकंद धरला, तरी १० मीटरचा फरक पडतो. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या रिसीव्हरची स्वतःची चूक बहुधा ३ ते ५ मीटरच असते, म्हणजे मोजायची गोष्ट लहान आणि मोजण्यातली चूक तिच्या दुप्पट, अशी अवस्था होते.

यावर उपाय अगदी साधा आहे, पण तो फारसा कोणी करत नाही. त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने, एकदा जाताना आणि एकदा येताना त्याच खुणेची नोंद घ्यावी. उशिरामुळे होणारी चूक गाडीच्या दिशेशी बांधलेली असते, त्यामुळे जाताना नोंद खुणेच्या पूर्वेला पडली असेल, तर येताना ती पश्चिमेला पडते. याउलट, दोन्ही वेळा नोंद पूर्वेलाच सरकलेली दिसली, तर ती चूक उशिराची नसून उपग्रहांच्या संकेतांची, नकाशाची किंवा सेटिंगची आहे असे समजावे. शंका उरल्यास तीच फेरी निम्म्या वेगाने करावी. उशिराचा भाग निम्मा होतो, बाकीचा होत नाही. आडव्या दिशेची चूक, म्हणजे रस्त्याच्या रेषेपासून डावी-उजवीकडे झालेले सरकणे, उशिरामुळे सरळ रस्त्यावर बदलत नाही. म्हणून धावत्या गाडीतून घेतलेल्या चाचणीत तेच माप अधिक विश्वासाचे मानावे. वळणावर मात्र तेही विश्वासाचे राहत नाही, कारण नोंद गुळगुळीत दिसावी म्हणून रिसीव्हर मागील हालचालीवरून पुढचा अंदाज बांधतो आणि अचानक वळल्यास नोंदलेली रेषा वळणाच्या बाहेर झेप घेते.

रेषा रस्त्यावर बसली म्हणून समाधान मानणे

जाताना आणि येतानाच्या दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहने वेगवेगळ्या बाजूंनी जातात, त्यामुळे त्यांच्या रेषांत काही मीटरचे अंतर दिसलेच पाहिजे. ते दिसत नसेल, तर रिसीव्हरमधील स्थान रस्त्याला चिकटवण्याची सोय बहुधा चालू असते. वाट दाखवण्यासाठी ती उपयोगी आहे, पण चाचणीत ती उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा घेण्यासारखी ठरते, म्हणून ती आधी बंद करावी. नोंदींचे सेटिंग ‘ऑटो’वर असल्यास रिसीव्हर सरळ रस्त्यावरचे बिंदू गाळतो, म्हणून ते दर सेकंदाला एक नोंद असे ठेवावे.

नकाशा आणि उपग्रहचित्र यांनाच अंतिम सत्य मानणे ही त्याच जातीची चूक आहे. उपग्रहचित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते आणि नकाशातील रस्त्याची रेषा ही बहुधा मध्यरेषा असते, गाडीची जागा नव्हे. जुन्या नकाशावरून तुलना करायची असल्यास डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची आधारचौकट, तपासणे अनिवार्य आहे. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे डेटम वापरते. नकाशा दुसऱ्या डेटमवर बेतलेला असेल, तर कोणतीही चूक नसताना शेकडो मीटरचा फरक दिसू शकतो. सर्व बिंदू एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच अंतराने सरकलेले दिसले, तर प्रथम डेटमकडेच पाहावे. अक्षांश-रेखांश लिहून घेताना अंकही पुरेसे हवेत: मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशाच्या दिशेने सुमारे १.८५ मीटर असतो, तर दशांश अंशांत केवळ चार स्थाने घेतल्यास एकेक पायरी ११ मीटरची होते.

पडद्यावरचा ‘अचूकता ३ मीटर’ हा आकडा

हा आकडा रिसीव्हरचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. तो कोणत्या टक्केवारीसाठी आहे हे उत्पादकागणिक बदलते. निम्म्या नोंदी ज्या वर्तुळात पडतात त्याची त्रिज्या ३ मीटर असेल, तर ९५ टक्के नोंदी सामावणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या साधारण ६ मीटर निघते. एका उपकरणाचा ५० टक्क्यांचा आकडा दुसऱ्याच्या ९५ टक्क्यांच्या आकड्यासमोर ठेवणे, ही तुलना नव्हेच. शिवाय, काचेच्या इमारतींवरून परावर्तित होऊन आलेला संकेत रिसीव्हरला अनेकदा खराच वाटतो, त्यामुळे स्थान चांगलेच भरकटलेले असतानाही हा आकडा देखणा राहू शकतो.

रिसीव्हर कुठे आणि कधी ठेवला

काही गाड्यांच्या पुढच्या काचेला उष्णता रोखणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि तो उपग्रहांचा संकेतही दुबळा करतो. अशा गाडीत बाह्य अँटेना छतावर लावावा. अँटेनाचा प्रकारही पाहावा: चपटा पॅच अँटेना आडवा आणि उंच दांडीसारखा हेलिक्स अँटेना उभा ठेवल्यास आकाश नीट दिसते. डॅशकॅम आणि स्वस्त चार्जर कधीकधी संकेतांत व्यत्यय आणतात, म्हणून एक फेरी ते काढून करावी. रिसीव्हर सुरू करताच गाडी हाकणेही टाळावे. प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते, पण मध्येच पूल किंवा झाडी आली की ती अर्धवट राहते. बराच काळ बंद असलेल्या रिसीव्हरला उघड्या जागी १५ मिनिटे स्थिर ठेवून मगच निघावे.

दोन रिसीव्हरांची तुलना करायची असल्यास ते शेजारीशेजारी ठेवून एकाच फेरीत करावी. एक काचेजवळ आणि दुसरा आसनावर ठेवला, तर चाचणी आसनाची होते. दोघांचे आकडे जुळले, तरी दोघेही बरोबर आहेत असे सिद्ध होत नाही, कारण वातावरणाच्या आयनमंडल या विद्युतभारित वरच्या थरामुळे होणारी चूक दोघांनाही जवळपास सारखीच ग्रासते. ही चूक सावकाश बदलते, त्यामुळे १० मिनिटांच्या फेरीत रेषा सुबक दिसणे म्हणजे सुसंगती, अचूकता नव्हे. फेरी दुसऱ्या दिवशी, पण वेगळ्या वेळी करावी. जीपीएस उपग्रहांची मांडणी दररोज साधारण चार मिनिटे आधी जवळपास जशीच्या तशी परत येते, म्हणून त्याच वेळी गेल्यास तेच उपग्रह पुन्हा भेटतात.

स्पीडोमीटरशी वेग जुळत नाही म्हणून रिसीव्हरला दोष देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरला प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवण्याची मुभा नाही, त्यामुळे उत्पादक तो थोडा जास्तच दाखवेल असा ठेवतात. उंचीचे माप गाडीत तपासूच नये, असे माझे मत आहे. ज्या रिसीव्हरमध्ये उंची काढण्यासाठी वायुदाबमापक असतो, त्यात खिडकी उघडली किंवा पंख्याचा वेग वाढवला तरी उंची हलू शकते. समुद्रसपाटीजवळ हवेच्या दाबात एक हेक्टोपास्कलचा (दाबाचे एकक) फरक पडला, तर उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक दिसतो.

इतके वगळूनही चूक मोठीच राहिली, तर गाडी थांबवून रिसीव्हर सर्वेक्षणाने निश्चित केलेल्या बिंदूवर, मोकळ्या आकाशाखाली, काही तास नोंदी घेत ठेवावा. त्यातही एक गोम आहे: काही रिसीव्हर वेग शून्याजवळ येताच स्थान गोठवून ठेवतात. नोंदींतील अक्षांश-रेखांश कितीतरी मिनिटे शेवटच्या अंकापर्यंत तेच राहिले, तर ही सोय आधी बंद करून चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.