गडावर मुक्काम करताना साबण कसा वापरायचा

सह्याद्रीतल्या गडांवर पिण्याचं पाणी म्हणजे बहुतेक ठिकाणी कातळात खोदलेली टाकी, पावसाळ्यात भरतात आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत तेच पाणी सगळ्यांनी प्यायचं. हे पाणी वाहत नाही, त्यामुळे एकदा साबण गेला की तो तिथेच राहतो. म्हणून टाक्याच्या काठावर भांडी घासणं, तोंड धुणं अजिबात नको, प्लीज.

पाणी बाटलीत किंवा पातेल्यात भरून घ्या आणि टाक्यापासून, ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब जा, साधारण ८० पावलं, तेही उताराच्या खालच्या बाजूला, नाहीतर सगळं परत पाण्यातच येतं. खरकटं आधी पुसून पिशवीत भरा. भांडी चुलीच्या थंड झालेल्या राखेने घासा, मस्त निघतात, आपल्या आज्या तेच करायच्या. साबण लागलाच तर दोन थेंब बास, आणि ते पाणी वीतभर खोल खड्ड्यात ओतून वर माती लोटा.

आता बायोडिग्रेडेबल साबणाचं. पाकिटावर तसं लिहिलंय म्हणून लोक थेट ओढ्यात आंघोळ करतात पण तो साबण मातीतल्या जिवाणूंमुळे नीट कुजतो, पाण्यात नाही, आणि फेसाचा त्रास माशांच्या कल्ल्यांना, बेडकांच्या त्वचेला व्हायचा तो होतोच. आंघोळ घरी जाऊन करा, गडावर ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी चालतं. सनस्क्रीन, ओडोमॉस लावलं असेल तर टाक्यात हातसुद्धा बुडवू नका.