गच्चीवरून दिसतात तेवढ्याच ताऱ्यांवर कविता कशी लिहायची

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. परळला एका छोट्या कवीकट्ट्यावर मी वाचलं की रात्री दीड वाजता खिडकीत द्वितीयेची चंद्रकोर येऊन बसली वगैरे, टाळ्यापण पडल्या, आणि नंतर चहाच्या वेळी एक आजोबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, द्वितीयेची कोर सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात जाते, दीड वाजता तुमच्या खिडकीत कोण आलं होतं?" कप हातात तसाच राहिला.

म्हणून पहिलं काम, चंद्राचं टाइमटेबल पाठ करा, फार नाहीये. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, आणि रोज सरासरी ५० मिनिटं लेट. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच. आणि हे नियम कवितेला नडत नाहीत हं, उलट देतात. वद्य अष्टमीचा चंद्र म्हणजे शेवटची लोकल पकडून घरी येणाऱ्याचा चंद्र, बाकी सगळी बिल्डिंग झोपलेली असताना फक्त त्याला दिसणारा. ही ओळ मला टाइमटेबलनेच दिली, प्रतिभेने नाही.

दुसरं, "असंख्य तारे", "लक्ष लक्ष चांदण्या" हे आपल्या शहरात राहून लिहू नका, खोटं वाटतं. मी एकदा डिसेंबरात वॉचमनकडून गच्चीची चावी घेऊन खरंच मोजले, बावीस भरले, त्यातलं एक विमान निघालं. आकाशगंगा बघायची तर अमावास्येच्या आसपास शहराबाहेर, वांगणीच्या पुढे वगैरे जावं लागतं, ते जरूर जा, पण कविता बावीसमधल्या एकावरच लिहा. एकच तारा घ्या, आठवडाभर एकाच वेळी त्याच्याकडे बघा आणि वहीत नुसतं काय दिसलं ते लिहा, उपमा नको. माझ्या वहीत आहे: "व्याध, ९.१०, समोरच्या टॉवरच्या लिफ्टरूमच्या वर, निळा-लाल-पांढरा होतोय." रंग बदलतो कारण गरम-थंड हवेच्या थरांतून येताना प्रकाश वेडावाकडा वळतो, तारा खाली असेल तेवढं जास्त. म्हणजे थरथरतोय तो तारा नाही, आपली हवा. आता हे एकदा कळलं की "थरथरणारा तारा" लिहिताना हात थबकतो, आणि तो थबकला की पुढे काहीतरी बरं सुचतं.

नावं मराठीच वापरा. फोनवरच्या ॲपमध्ये सिरियस, बेटलज्यूस, कॅनोपस असं येतं, पण व्याध म्हटलं की गोष्ट फुकटात मिळते: मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे दिसतात तो व्याधाने मारलेला बाण, आणि ती ओळ तशीच पुढे नेली की व्याध सापडतो. काक्षी (म्हणजे बेटलज्यूस), राजन्य (रायजेल), रोहिणी, स्वाती, अभिजित, ही नावं अशीच ओळीत नीट बसतात.

आता अंतर. इथे सगळे एकच गोष्ट लिहितात, "तू बघतोस तो तारा कधीच मेलाय". प्लीज नको. प्रकाश एका वर्षात जेवढं जातो ते एक प्रकाशवर्ष; नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे बहुतेक काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले, म्हणजे त्यांचा प्रकाश फार तर काही हजार वर्षं जुना, आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखो-अब्जावधी वर्षांची, म्हणजे जवळजवळ सगळे अजून ठणठणीत आहेत. त्यापेक्षा उलटं करा, प्रकाश निघाला तेव्हा इथे काय होतं ते लिहा. व्याध ८.६ प्रकाशवर्षं, अभिजित २५, स्वाती साधारण ३७. पंचविशीत असाल तर अभिजितचा आज दिसणारा प्रकाश तुमच्या बारशाच्या आसपास निघालाय. सगळ्यात भारी अगस्त्य, म्हणजे ॲपमधला कॅनोपस, साधारण ३१० प्रकाशवर्षं. तो प्रकाश निघाला तेव्हा मुंबई सात वेगळी बेटं होती, मोठे भराव अजून पडायचे होते. गोष्टीतल्या अगस्त्याने समुद्र प्याला, आपण समुद्र बुजवला! मी यावर तीनदा लिहिलंय, तिन्ही वेळा फसलंय, तुम्ही घ्या. बघायचा तर फेब्रुवारीच्या मध्यात रात्री ९ च्या सुमारास दक्षिणेकडे, व्याधाच्या बराच खाली. मुंबईतून तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो, त्यामुळे समोर बिल्डिंग असेल तर विसरा, किंवा त्या बिल्डिंगवर लिहा.

पावसाळ्यात काय करायचं? जून ते सप्टेंबर ढगच असतात, पण तेव्हा एक जबरदस्त विषय आपल्या तोंडात रोज असतो आणि कळत नाही. ७-८ जूनला "मृग लागला" म्हणतो ना, तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणजे मृगाचे तारे दिवसा सूर्याबरोबर वर असतात आणि रात्री दिसतच नाहीत. ज्याच्या नावाने पाऊस पडतो तोच गैरहजर. यासाठी मुक्तछंद नको वाटला, मोठा अभंग घेतला, सहा-सहा-सहा-चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक:

मृग आला दारी
मृग नाही वर
भिजे माझं घर
त्याच्याविना

आधी तिसरा चरण "भिजते हे शहर" होता, अक्षरं सात झाली. बोटांवर मोजायचं, लाजायचं नाही. "शहर" काढून "घर" घातलं तर छतातून गळणारं पाणीच आलं कवितेत. अक्षरांच्या अडचणीमुळे असं होतं, म्हणून निदान सुरुवातीला बांधलेला छंद घ्याच.

लिहून झालं की कवीमित्राला दाखवण्याआधी आकाश बघणाऱ्या कोणालातरी वाचून दाखवा, कवीमित्र "वा" म्हणतो आणि चहा पितो. मी हा अभंग त्याच आजोबांना ऐकवला. डोळे मिटून ऐकलं, मृगाबद्दल काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "घर कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. वर अजून तीन आहेत."

"मग गळतं कुठून?"

तिसऱ्या चरणावर परत बसलोय.