बॅटीचा सातबारा : सामन्यात वापरलेली वस्तू कशी पारखावी

शेत घेताना आमच्या यवतमाळकडचा अक्षरशत्रू म्हातारासुद्धा आधी सातबारा मागतो, जुने फेरफार काढायला लावतो आणि धुऱ्यावर उभा राहून शेजाऱ्याला चार प्रश्न विचारतो. त्याच घरातला शिकलेला मुलगा मात्र ‘सामन्यात वापरलेली’ बॅट घेताना चकचकीत प्रमाणपत्रावर समाधान मानतो. मीही असाच फसलो आहे. हौसेने घेतलेल्या एका बॅटीच्या होलोग्रामवरचा क्रमांक पुढे दुसऱ्या संग्राहकाच्या बॅटीवरही जसाच्या तसा आढळला, आणि तेव्हापासून मी आधी वस्तू, मग छायाचित्र, त्यानंतर मालकीची साखळी आणि सर्वांत शेवटी प्रमाणपत्र पाहतो.

पहिल्या तपासणीला शिंप्याची टेप पुरते. नियमानुसार बॅटीची लांबी ९६.५२ सेंटिमीटरपेक्षा आणि रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. ऑक्टोबर २०१७ पासून कडेची जाडी ४ सेंटिमीटर आणि एकूण जाडी ६.७ सेंटिमीटर एवढीच चालते. त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातली म्हणून दाखवलेली बॅट याहून जाड भरली, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. बॅट केवळ एकदिवसीय सामन्यांत वापरल्याचे सांगितले जात असेल आणि तिच्यावर लाल चेंडूचे डाग असतील, तर ती लगेच खोटी ठरत नाही, कारण सरावात लाल चेंडू लागलेला असू शकतो. पण सांगितलेली गोष्ट अपुरी आहे एवढे नक्की कळते. वस्तू चेंडू असेल, तर त्याची शिवण पाहावी. आपल्याकडे कसोटी आणि रणजी सामन्यांत वापरल्या जाणाऱ्या एसजी कंपनीच्या चेंडूवरील टाक्यांच्या सहाही ओळी हाताने शिवलेल्या असतात, तर कुकाबुरा कंपनीच्या चेंडूच्या फक्त मधल्या दोन.

यानंतर काळाशी मेळ घालावा, कारण नकली माल करणारे बहुधा येथेच चुकतात. नागपूरजवळच्या जामठ्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये सौरव गांगुली शेवटची कसोटी खेळला. त्या सामन्यातला म्हणून पांढरा शर्ट समोर आला आणि त्याच्या पाठीवर नाव व क्रमांक असला, तर तो बिनदिक्कत परत करावा, कारण कसोटीच्या शर्टावर नाव-क्रमांक २०१९ पासून आले. २०११ च्या विश्वचषकातला म्हणून दाखवलेल्या शर्टाच्या छातीवर प्रायोजकाचे मोठे नाव असेल, तर तोही परत करावा. त्या स्पर्धेत छातीवर देशाचे नाव होते आणि प्रायोजक बाहीवर. ऑक्टोबर २०११ नंतर एकदिवसीय डावात दोन्ही टोकांकडून वेगवेगळे नवे चेंडू येऊ लागले, त्यामुळे २०१५ च्या सामन्यात ‘पन्नास षटके खेळलेला’ पांढरा चेंडू असूच शकत नाही.

कापडाच्या बाबतीत कापूस पट्ट्यातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. शिवणीच्या आतला एखादा सुटलेला धागा मालकाच्या परवानगीने जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ चा असल्यामुळे नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंच्या १९३२ च्या लॉर्ड्स कसोटीतल्या शर्टात असा मणी निघणे शक्य नाही. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली जुना कागद निळसर चमकला, तर तो बहुधा अलीकडचा समजावा. कापडाला मात्र हा नियम सरसकट लावू नये, कारण आजच्या धुण्याच्या पावडरीत तीच चमक आणणारे द्रव्य असते आणि जुना शर्ट कोणी मागच्या वर्षी धुतलेला असू शकतो.

खरी कसोटी छायाचित्राशी जुळवण्याची आहे. त्यासाठी दूरचित्रवाणीवरचे धूसर दृश्य चालत नाही, तर त्या सामन्यात काढलेले स्पष्ट, मोठे छायाचित्र लागते. विलोच्या लाकडातील रेषांची संख्या, त्यांमधले अंतर आणि एखादी गाठ ही प्रत्येक बॅटीत निराळी असते, आणि मूठ किंवा स्टिकर बदलले तरी ती बदलत नाही. शर्टावर क्रमांकाचा किंचित तिरपेपणा, शिवणीवर त्याची नेमकी जागा आणि रफू पाहावे. येथे एक भेद कटाक्षाने पाळावा लागतो: वस्तूवर असलेली खूण छायाचित्रात नसेल, तर ती नंतर उमटलेली असू शकते, परंतु छायाचित्रात दिसणारी लाकडातली गाठ किंवा खोल चीर वस्तूवर नसेल, तर तिथेच थांबावे. कारखान्यातून सारख्याच निघणाऱ्या खुणा कितीही जुळल्या तरी त्या मोजू नयेत. मी किमान दोन स्वतंत्र खुणा मागतो, आणि विक्रेत्याने स्वतः पुरवलेल्या छायाचित्रावर कधीच विसंबत नाही.

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकल्यापासून आपल्याच भागात अशा वस्तू निघू लागल्या आहेत, आणि येथे साखळी शोधणे तुलनेने सोपे आहे, कारण खेळाडू, मैदान राखणारा कामगार किंवा सरावाला चेंडू टाकणारा मुलगा दोन-चार ओळखींत सापडतो. वस्तू कोणाकडून कोणाकडे, कोणत्या तारखेला आणि कशाच्या बदल्यात गेली, हे प्रत्येकाकडून त्याच्या हस्ताक्षरात घ्यावे. नोटरीच्या शिक्क्याने सही कोणाची हे कळते, मजकूर खरा की खोटा हे नाही. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. तो चेंडू म्हणून कोणी काही दाखवले, तर धावफलकावरून आधी षटक काढावे, कारण ऐंशी षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो आणि एका डावात दोन चेंडू असू शकतात.

प्रमाणपत्राला किंमत आहे, पण ते देणारा त्या वेळी कुठे होता यावर ती ठरते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून प्रत्यक्ष सामन्याला हजर राहणारे साक्षीदार नेमले. ते डोळ्यांदेखत वापरल्या गेलेल्या वस्तूवरच क्रमांकित होलोग्राम लावतात. घरी बसून दिलेले प्रमाणपत्र त्या तोडीचे नव्हे. शिवाय ‘सही केलेली’, ‘खेळाडूसाठी बनवलेली’ आणि ‘सामन्यात वापरलेली’ हे तीन वेगळे दावे आहेत, आणि पहिल्याच्या पुराव्यावर तिसऱ्याची किंमत मागणे हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे.

वस्तू खरी ठरली, तर ती धुऊ नये, बॅटीला पॉलिश पेपर लावू नये, नवे तेल देऊ नये. पुढच्या तपासणाऱ्याला लागणाऱ्या खुणा त्यातच जातात. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, म्हणून चेंडू हवाबंद पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळावा. पत्रांची फाइल भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात ठेवू नये, पत्र्याच्या पेटीत ठेवावी, कारण आमच्याकडची वाळवी बॅटीच्या आधी कागदाला लागते.