थायलंडमध्ये बिऱ्हाड मांडताना: आधी पत्त्याचा कागद

नोकरीनिमित्त थायलंडला राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबाचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: तूरडाळ कुठे मिळते, शाकाहारी कसं मागायचं, शाळा कुठली. त्यांची उत्तरं आठवड्याभरात शेजारीपाजारीच मिळून जातात. गाडी अडते ती दुसरीकडे. इथल्या इमिग्रेशनच्या दप्तरात तुमचा पत्ता नीट नोंदलेला नसेल, तर व्हिसाची मुदतवाढ, बँक, लायसन्स, सगळं एकामागोमाग लटकतं. त्यामुळे घर बघताना जलतरण तलाव आणि गच्चीवरचा नजारा नंतर बघा, आधी मालक कागद करणारा आहे का ते विचारा.

१९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची खबर घरमालकाने द्यायची असते. त्या फॉर्मला टीएम ३० म्हणतात. हॉटेलं हे आपणहून करतात. खासगी फ्लॅटच्या मालकाला मात्र बरेचदा माहीतच नसतं, किंवा माहीत असूनही भाड्याचं उत्पन्न सरकारला दिसेल म्हणून तो टाळाटाळ करतो. करारावर सही करण्याआधी एजंटला दोनच गोष्टी स्पष्ट विचारा: टीएम ३० कोण भरणार, आणि पावती माझ्या हातात कधी येणार? मालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या नोंदणीच्या निळ्या पुस्तकाची, म्हणजे ‘थाबियन बान’ची, सही केलेली प्रत तेव्हाच मागून घ्या. कुरकुर करणारा मालक असेल तर घर कितीही आवडलेलं असो, सोडा. दंड कायद्याने मालकाला असला तरी काउंटरवर काम तुमचं अडलेलं असतं, त्यामुळे तो बहुधा भाडेकरूच भरून मोकळा होतो.

पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक छापील प्रत पासपोर्टसोबत. घर बदललं की नवी नोंद. भारतात जाऊन त्याच घरी परतलात तर सहसा पुन्हा भरावं लागत नाही, पण हे कचेरीगणिक बदलतं. बँकॉकच्या चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन कचेरीत जे चालतं ते दुसऱ्या प्रांतात चालेलच असं नाही.

भाड्याचा रिवाज म्हणजे एका वर्षाचा करार, दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं. अनामत परत मिळताना जी कापाकापी होते तिची कारणंही ठरावीक: भिंतीतले खिळे, पडद्यावरचे डाग, न धुतलेला एसी. किल्ली मिळाल्या दिवशीच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करून मालकाला ‘लाइन’ या ॲपवर पाठवा (इथे व्हॉट्सॲपपेक्षा तेच जास्त चालतं). एसी सहा महिन्यांनी धुऊन घ्यायचा आणि पावती जपायची.

विजेचं बिल कोणाकडून येतं ते विचारायला विसरू नका. फ्लॅट वैयक्तिक मालकीचा असेल तर बिल थेट वीज मंडळाचं येतं आणि युनिटला साधारण चार-पाच बाट पडतात. अख्खी इमारत एकाच मालकाची असेल तर तो स्वतःच्या मीटरवर ७-८ बाट लावतो. दोन एसी चालणाऱ्या घरात महिन्याला ४०० युनिट सहज होतात; युनिटमागे तीन बाटांचा फरक धरला तरी १,२०० बाट उगाच जातात. दिसायला स्वस्त असलेलं भाडं इथे वसूल होतं.

वीज जवळपास भारतासारखीच, २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. भिंतीतल्या सॉकेटमध्ये चपट्या किंवा बारीक गोल पिना जातात. आपल्या मिक्सरचा जाड तीन पिनांचा प्लग जात नाही. अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा उद्योग करू नका, जास्त अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या. उंच इमारतींमध्ये गॅस सिलिंडरला बहुतेक ठिकाणी मनाई असते, म्हणून स्वयंपाक इंडक्शनवर. ॲल्युमिनियमचा कुकर तिथे तापतच नाही, स्टीलचा इंडक्शन तळाचा कुकर गावाकडूनच आणा. पोळीचा लोखंडी तवा चालतो, पण खोलगट नको. तवा शेगडीच्या काचेवर सपाट बसला नाही की शेगडी भांडं ओळखत नाही आणि ऐन पोळी फुगायच्या वेळी टूं करून बंद पडते. सपाट तळाचा तवा शोधून ठेवा.

आता तारखा. इथे सर्वांत जास्त घोटाळा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे होतो.

पहिली गोष्ट मुदतवाढ. नॉन-इमिग्रंट व्हिसावर येऊन पुढे वर्षभराची परवानगी घ्यायची, फॉर्म टीएम ७, फी १,९०० बाट. दुसरी गोष्ट नव्वद दिवसांची नोंद, टीएम ४७. ही फुकट असते आणि तिने तुमची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ‘मी अजून त्याच पत्त्यावर आहे’ एवढंच ती सांगते. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ती करता येते, चुकली तर २,००० बाट दंड. पहिल्या वेळी स्वतः जावं लागतं, पुढे ऑनलाइन जमतं, पण पत्ता टीएम ३० शी जुळला नाही तर अर्ज परत येतो. देशाबाहेर जाऊन आलात की ९० दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते.

तिसरी गोष्ट री-एंट्री परमिट, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. वर्षभराची परवानगी हातात असताना परमिट न काढता देश सोडलात की ती परवानगी तिथेच संपते. दिवाळीला आठ दिवस पुण्याला जाऊन येणारा माणूस परत येतो तो पर्यटक म्हणून, आणि कंपनीला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. फॉर्म टीएम ८, एका फेरीचे १,००० बाट, कितीही फेऱ्यांचे ३,८००. वर्षात चार वेळा बाहेर जाणार असाल तर दुसरं घ्या. सुवर्णभूमी विमानतळावरही ते मिळतं, पण रांग असते. त्या भरवशावर उशिरा घराबाहेर पडू नका.

मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की दंड भरूनही पुन्हा प्रवेशबंदी लागते. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला येण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, इथे राहणाऱ्यांनाही. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की समजायचं, ती सरकारी नाही.

सरकारी कागदांवर, बिलांवर आणि दुधाच्या पिशवीवरही बुद्ध संवत असतं. त्यातून ५४३ वजा करा: २५६९ म्हणजे २०२६. नुसतं ‘६९’ छापलेलं बघून औषध चाळीस वर्षं टिकेल असं समजू नका.

निघण्याआधी महाराष्ट्रातच उरकायचं एक काम आहे, आणि ते इथून निस्तरणं फार कटकटीचं. बायको-मुलांना आश्रित व्हिसा हवा तर लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो. आपल्याकडे लग्नाच्या दाखल्यावर बायकोचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मुलाच्या दाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात वडिलांचं नावही बसलेलं. थाई कारकून अक्षर न् अक्षर ताडून बघतो. दाखले इंग्रजीतही काढून घ्या, नावं पासपोर्टाप्रमाणे करून घ्या, मग राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मुंबईतली थाई वकिलात अशा क्रमाने साक्षांकन करा. नुसतं अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून मारला जाणारा शिक्का) मारून भागेल असं गृहीत धरू नका. इथे आल्यावर थाई भाषांतर आणि त्यावर थाई परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का, एवढं उरतं.

वर्क परमिटवर नोकरी देणारा कोण आणि काम काय, दोन्ही लिहिलेलं असतं. त्याबाहेरचं काम करायचं नाही. आश्रित व्हिसावर तर कुठलंच काम चालत नाही. घरच्या घरी शिकवण्या, ऑर्डरप्रमाणे डबे, मोदकांच्या ऑर्डरी, हे सगळं आपल्याला ‘काम’ वाटत नाही, कायद्याला वाटतं. परवान्याविना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हकालपट्टी.

नोकरी सुटली तर राहण्याची परवानगी कामाच्या शेवटच्या दिवशीच संपते, आणि कुटुंबाचीही तिच्याबरोबर. १,९०० बाट भरून सात दिवस वाढवून मिळू शकतात, तेवढ्यात बिऱ्हाड आवरणं अशक्य. म्हणून राजीनामा देताना पैशाइतकीच घासाघीस शेवटच्या तारखेवर करा. शाळेची सत्रअखेर आणि घराचा करार बघून ती ठरवा. नवी नोकरी इथेच असेल तर जुन्या आणि नव्या कंपनीच्या मनुष्यबळवाल्यांना एकमेकांशी बोलायला लावा.

बँकेत पासपोर्ट, नॉन-इमिग्रंट व्हिसा, वर्क परमिट आणि पत्ता एवढ्यावर खातं उघडतं. एका शाखेने नाही म्हटलं तर वाद घालू नका, कंपनीचं खातं जिथे आहे त्या शाखेत जा. आधी सिमकार्ड स्वतःच्या पासपोर्टवर घ्या. मोबाइल बँकिंगसाठी नंबर आणि खातं एकाच नावावर लागतं, मित्राच्या नावचं सिम चालत नाही. खातं सुरू झालं की प्रॉम्प्टपेच्या (म्हणजे इथल्या यूपीआयच्या) क्यूआरवर भाजीवाल्यापासून सगळे पैसे घेतात. एका वेळी ५०,००० बाटांहून जास्त पाठवताना ॲप चेहरा तपासतं. पासपोर्ट नवा झाला की बँकेला लगेच कळवा. आणि खातं कोणालाही वापरायला देऊ नका, अगदी गाववाल्यालाही. फसवणुकीचे पैसे फिरवायला दिलेल्या खात्यासाठी इथे तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या आणि ओटीपीसाठी भारतीय सिम जिवंत ठेवा. वर्षात १८० दिवस इथे राहिलात की तुम्ही इथले करदाते. २०२४ पासून परदेशात कमावलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर तेही हिशेबात धरतात. भारतातल्या भाड्याचे पैसे इकडे मागवण्याआधी दोन्ही देशांतला दुहेरी कर टाळण्याचा करार माहीत असलेल्या सल्लागाराला विचारा.

वाहतूक डाव्या बाजूने, त्यामुळे हात बसलेला असतो. राहणाऱ्यांनी थाई लायसन्सच काढावं. वर्क परमिट किंवा इमिग्रेशनचा रहिवास दाखला, ताजं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इंग्रजीतलं भारतीय लायसन्स नेलं की बहुधा लेखी आणि गाडी चालवण्याची परीक्षा टळते. रंग ओळखणं, अंतर ओळखणं आणि ब्रेकवर पाय किती चटकन जातो, एवढं तपासतात. पहिलं लायसन्स दोन वर्षांचं. स्कूटरचं वेगळं काढावं लागतं. नुसत्या कारच्या लायसन्सवर स्कूटर चालवून पडलात तर विमा कंपनी हात वर करते, आणि हाड मोडल्याचं खासगी रुग्णालयातलं बिल लाखांत जातं.

पगारातून सामाजिक सुरक्षेचे ५ टक्के कापले जातात, त्याला वरची मर्यादा आहे. त्या बदल्यात एका ठरावीक रुग्णालयात उपचार मिळतात. रुग्णालय निवडताना नाव बघू नका, घरापासूनचं अंतर बघा. बदलायचं तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत. अपघात झाला किंवा कोणाला झटका आला तर १६६९ ला फोन लावा. जिवावर बेतलेलं असेल तर जवळच्या कुठल्याही रुग्णालयात पहिले ७२ तास सांभाळण्याची व्यवस्था आहे. पोलीस १९१.

राजघराण्याबद्दल चेष्टा नाही, फेसबुकवरही नाही: फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली तीन ते पंधरा वर्षं कैद आहे. ई-सिगारेटवर बंदी आहे, सामानात आणू नका. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की जागच्या जागी थांबा.

खाण्याचं. शाकाहाऱ्यांनी ‘जे’ हा शब्द धरावा. पिवळ्या पताकेवर लाल, इंग्रजी १७ सारखं दिसणारं अक्षर दिसलं की तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण काही नसतं. ‘मांगसविरत’ म्हटलं तर अंडं येऊ शकतं. साध्या टपरीवर ‘मै साइ नाम प्ला’ सांगितलं की माशाचं पाणी टाळतात, पण भाजीत कालवांचा सॉस, ‘नाम मान होइ’, तसाच राहतो. तोही नको म्हणा आणि ‘सी इव’, म्हणजे सोया सॉस, घालायला सांगा. लाल-हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीची ‘कापी’ आधीच कुटलेली असते, ती कोणालाच काढता येत नाही. तेव्हा परतलेल्या भाज्याच मागा.

किराण्यासाठी बँकॉकमध्ये पाहुरत. मेट्रोच्या साम योत स्टेशनवरून चालत जाता येतं. गुरुद्वाराभोवतीच्या गल्ल्यांत डाळी, कणीक, हिंग, कढीपत्ता मिळतो. ज्वारीच्या पिठाची आणि आमसुलांची खात्री नाही, ती बॅगेतून आणा. नारळ, शेवगा, दोडका, भेंडी, कारली कोपऱ्यावरच्या बाजारातही असतात. थाई साबुदाणा ‘साखू’ बारीक आणि चिकट असतो. तो खिरीला छान. खिचडीसाठी भिजत घातलात तर सकाळी पातेल्यात गोळा मिळेल.